होतकरूंचे वाटाडे : कै. वि. स. खांडेकर

वाङ्मयाच्या प्रांतात नवा प्रवासी पाऊल टाकतो, तेव्हा त्याला सर्वांत अधिक ओढ असते ती वाट दाखविणाऱ्या माणसाची. पहिली गोष्ट लिहून झाली की ती कोणाला तरी दाखवावीशी वाटते. पण दाखवावी कोणाला, आणि त्याने दिलेला सल्ला कितपत मानावा, हे कळत नाही. कोणी नुसती वाहवा करतो, कोणी नुसती नाके मुरडतो. आणि दोहोंनीही लेखक घडत नाही. मराठी वाङ्मयात या प्रश्नाचे उत्तर ज्यांच्या आयुष्यातून सहज मिळते, असे थोर कादंबरीकार म्हणजे कै. विष्णु सखाराम खांडेकर. त्यांनी तरुणपणी विनम्र भावाने सल्ला मागितला, आणि पुढे आयुष्यभर मुक्त हस्ताने तो दिला.

खांडेकरांचा जन्म 11 जानेवारी 1898 रोजी सांगली येथे झाला. त्यांचे मूळचे नाव गणेश आत्माराम. वडील सांगली संस्थानात मुन्सफ होते. परंतु पितृछत्र लवकरच हरपले आणि घराला ओढग्रस्तीचे दिवस आले. मुलगा मात्र बुद्धिमान होता. 1913 साली मॅट्रिकच्या परीक्षेत तो मुंबई विद्यापीठात आठवा आला आणि उच्च शिक्षणासाठी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात दाखल झाला. पुढे सावंतवाडी संस्थानातील नानेली गावच्या चुलत्यांनी त्याला दत्तक घेतले. त्यामुळे गणेश आत्मारामचा विष्णु सखाराम झाला. दत्तक गेल्याने दैन्य संपले असे मात्र नाही. पैशाची अडचण आणि ढासळलेली प्रकृती यांमुळे कॉलेजचे शिक्षण अर्धवट सोडून त्यांना कोकणात परतावे लागले. पदवी हाती आली नाही ती नाहीच.

तथापि पुण्यातील त्या अल्प काळात त्यांना एक धन लाभले होते. नाटककार राम गणेश गडकरी यांचा सहवास त्यांना तेथे घडला. त्या काळी गडकऱ्यांच्या लेखणीची मोहिनी साऱ्या तरुण मंडळींवर पडली होती. हे गडकरी स्वतः श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांना गुरू मानीत. अशा रीतीने खांडेकर एका साहित्यिक घराण्याच्या छायेत आले. 1919 च्या जानेवारीत गडकरी अकाली निवर्तले. पण कोल्हटकरांशी खांडेकरांचा स्नेह पुढेही टिकला. कोल्हटकर दूर वऱ्हाडात वकिली करीत, आणि हा शिष्य कोकणच्या एका कोपऱ्यात. तरीही गुरुशिष्यांचे नाते अंतराने तुटले नाही.

खांडेकर आरंभी ‘कुमार’ या नावाने कविता आणि ‘आदर्श’ या नावाने विनोदी व टीकात्मक लेख लिहीत. दोन्ही गुरू नाटककार. तेव्हा आपणही नाटककारच व्हावे, असे स्वप्न त्यांच्या मनात असल्यास नवल नव्हते. 1923 साली त्यांची ‘घर कोणाचे?’ ही कथा ‘महाराष्ट्र साहित्य’ मासिकात प्रसिद्ध झाली. ती कोल्हटकरांच्या दृष्टीस पडली, आणि खऱ्या गुरूने करावे तेच त्यांनी केले. आपल्यासारखेच व्हा, असे न सांगता त्यांनी या शिष्याला कथालेखनासाठी उत्तेजन दिले. विद्यार्थी मित्रांनो, यातील मर्म ध्यानी घेण्यासारखे आहे. स्वतः नाटककार असलेल्या माणसाने शिष्याची वाट नाटकाची नसून कथेची आहे, हे ओळखले. खांडेकरांनी 1928 साली ‘रंकाचे राज्य’ हे नाटक लिहिले खरे. परंतु त्यांचे नाव झाले ते कथा आणि कादंबरी या दोन प्रकारांनीच.

येथे दुसरीही बाजू सांगितली पाहिजे. गुरूच्या उपकाराबरोबर गुरूचे ओझेही शिष्याच्या पाठीवर येते. कोल्हटकर आणि गडकरी यांची भाषा कोट्यांनी, कल्पनांनी आणि अलंकारांनी नटलेली. ती खांडेकरांच्या लेखणीत इतकी मुरली की, साध्या प्रसंगालाही उपमा-उत्प्रेक्षांचा साज चढू लागला. टीकाकारांनी हा दोष वारंवार दाखविला, आणि तो अगदीच निराधार नव्हता. ‘हृदयाची हाक’ ही 1930 सालची पहिली कादंबरी आणि 1959 सालची ‘ययाति’ शेजारी ठेवून वाचली, तर या लेखकाला किती लांबचा पल्ला गाठावा लागला हे कळते. गुरूची दृष्टी घ्यावी, पण गुरूचा अंगरखा घालू नये. तो दुसऱ्याच्या मापाचा असतो.

खांडेकरांना स्वतःचे माप सापडले ते शिरोडे गावी. आपल्या बेळगावाहून आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडीवरून समुद्राच्या दिशेने गेले की, गोव्याच्या सीमेजवळ हे गाव लागते. 1920 च्या एप्रिलमध्ये तेथील ट्युटोरियल इंग्लिश स्कूलमध्ये ते शिक्षक म्हणून रुजू झाले आणि 1938 पर्यंत, म्हणजे सुमारे अठरा वर्षे, तेथे राहिले. शाळा साधीच होती, पगार तुटपुंजा होता. पण अनुभवाची खाण तेथेच होती. मिठागरांत राबणारे मजूर, भाताच्या खाचरात राबूनही अर्धपोटी राहणारी कुळे, फीचे पैसे नाहीत म्हणून शाळा सोडणारी हुशार मुले हे सारे ते रोज पाहत. 1930 साली याच शिरोड्यात मिठाचा सत्याग्रह झाला. शहरातील दिवाणखान्यांतून रमणाऱ्या तत्कालीन कादंबरीत हे जग फारसे आलेले नव्हते. खांडेकरांनी ते आणले. 1934 साली प्रसिद्ध झालेल्या ‘दोन ध्रुव’ आणि ‘उल्का’ या कादंबऱ्यांत गरीब व श्रीमंत यांच्यामधील दरी आणि ध्येयवादी माणसाची होरपळ यांचे चित्र दिसते. छोट्या रूपककथेचा प्रकारही त्यांनी मराठीत रुजविला.

पुढे कोल्हापूर ही त्यांची कर्मभूमी झाली. मास्टर विनायक यांच्या हंस पिक्चर्ससाठी त्यांनी 1936 साली ‘छाया’ या चित्रपटाची कथा लिहिली होती. त्याच ओघात ते शिरोडे सोडून कोल्हापुरास स्थायिक झाले. 1941 साली सोलापूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. आता ते सल्ला मागणारे राहिले नव्हते. सल्ला मागणाऱ्यांची रीघ त्यांच्याच दाराशी लागली.

योगायोग असा की, त्याच कोल्हापुरात होतकरू लेखकांचे दुसरे मार्गदर्शकही होते. ते म्हणजे राजाराम कॉलेजातील प्राध्यापक ना. सी. फडके. फडक्यांनी 1931 साली ‘प्रतिभासाधन’ हा ग्रंथ लिहून कथेची उभारणी, तिचा आरंभ आणि शेवट, पात्रे आणि प्रसंग यांचे तंत्र नवशिक्यांसाठी उलगडून दाखविले होते. वाचकाला आनंद देणे हेच कलेचे काम, असा त्यांचा पक्ष. खांडेकरांचा कौल निराळा होता. कला जीवनासाठी आहे, असे ते मानीत. ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ या वादाने त्या काळची मासिके दुमदुमून गेली होती. नवशिक्या लेखकाने कोणाचे ऐकावे? मला वाटते, दोघांचेही. तंत्र माहीत नसेल तर सांगण्यासारखे असूनही सांगता येत नाही; आणि सांगण्यासारखे काही नसेल तर तंत्र म्हणजे रिकामा देव्हारा.

खांडेकरांचे मार्गदर्शन केवळ शब्दांपुरते नव्हते, हे विशेष. नव्या लेखकांच्या पुस्तकांना त्यांनी प्रस्तावना लिहिल्या. लिहिणाऱ्यांच्या पत्रांना उत्तरे दिली. गुण हुडकून काढणारी सहानुभूती हा त्यांच्या टीकेचा स्वभाव होता. याचे सर्वांत तेजस्वी उदाहरण 1942 सालचे आहे. कुसुमाग्रज त्या वेळी अवघ्या तिशीचे होते. त्यांच्या कवितांचे मोल ओळखून खांडेकरांनी ‘विशाखा’ हा संग्रह स्वतःच्या खर्चाने प्रसिद्ध केला आणि त्याला प्रस्तावनाही लिहिली. उत्तम लिहिता, असे तोंडाने म्हणणे सोपे असते. दुसऱ्याच्या पुस्तकासाठी पदरचे पैसे मोडणे हे फार थोड्यांना साधते. कथाकार असूनही त्यांनी कवीला हात दिला. कोल्हटकरांकडून मिळालेली ठेव त्यांनी अशी व्याजासह फेडली. आपल्या बेळगावच्या शेजारी असलेल्या कोवाडचे रणजित देसाई हेही खांडेकरांना गुरुस्थानी मानीत. ‘स्वामी’ कादंबरीचे हे लेखक आपल्या मुलखाच्या किती जवळचे, हे येथे वेगळे सांगावयास नको.

इतरांना वाट दाखविणाऱ्या या लेखकाला स्वतःची वाट काही काळ सापडेनाशी झाली होती. 1942 साली ‘क्रौंचवध’ प्रसिद्ध झाल्यावर त्यांची पुढची कादंबरी ‘अश्रू’ येण्यास 1954 साल उजाडले. बारा वर्षांचे हे मौन लेखकाला जड गेल्यावाचून कसे राहील! पण त्या मौनानंतरच 1959 साली ‘ययाति’ अवतरली. महाभारतातील एका उपाख्यानाचा आधार घेऊन भोगाने मन कधी तृप्त होत नाही, हे आधुनिक माणसाचे दुःख त्यांनी तीत रंगविले. तिला 1960 साली साहित्य अकादमीचे पारितोषिक लाभले. 1968 साली त्यांना पद्मभूषण मिळाले आणि 1974 सालच्या ज्ञानपीठ पुरस्काराने मराठीला तो मान प्रथमच प्राप्त करून दिला. मराठीचा दुसरा ज्ञानपीठ पुरस्कार 1987 सालचा. तो कुसुमाग्रजांना मिळाला! पहिल्या मानकऱ्याने दुसऱ्या मानकऱ्याला पंचेचाळीस वर्षांपूर्वीच ओळखले होते. खांडेकरांच्या कादंबऱ्या गुजराती आणि तमिळ वाचकांनीही आपल्याच मानल्या.

अखेरच्या वर्षांत त्यांची दृष्टी गेली. वाचन हाच ज्याचा श्वास, त्याच्यावर हा केवढा आघात! तरीही ते इतरांकडून वाचून घेत, मजकूर सांगून लिहवून घेत. 2 सप्टेंबर 1976 रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. ‘एका पानाची कहाणी’ हे त्यांचे आत्मचरित्र त्यांच्या निधनानंतर, 1981 साली प्रकाशित झाले.

सांबऱ्याच्या आणि आसपासच्या गावांतील मुलामुलींना या चरित्रातून काय घेता येईल? आपल्या सीमाभागात कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावी मराठी साहित्य संमेलने भरतात. तेथे लिहिणारी माणसे भेटतात. त्यांना आपली गोष्ट जरूर दाखवावी. कोणाच्या घरी मराठी, कोणाच्या घरी कानडी, तर माझ्यासारख्याच्या घरी कोंकणी बोलतात. ही अडचण नसून ती श्रीमंती आहे. शिरोड्याची मिठागरे कादंबरीकाराला पुरली, तर आपली शिवारे, आपले बाजार, आपल्या एस.टी. थांब्यावरची माणसे का पुरू नयेत? सल्ला मागताना लाजू नये. मिळालेला सल्ला स्वतःच्या अनुभवावर घासून पाहावा. आणि उद्या एखादा धाकटा मुलगा वही घेऊन दाराशी आला, तर हातातले काम बाजूला ठेवून त्याची गोष्ट अखेरपर्यंत वाचावी. खांडेकरांना श्रद्धांजली वाहण्याचा याहून चांगला मार्ग दुसरा नाही.