नदीच्या माशांची मराठी नावं जगाला सांगणारे कर्नल साईक्स



नांदेडच्या घाटावर उभं राहून गोदावरीकडे बघताना किंवा लातूरकडची मांजरा बघताना तुम्हाला कधी प्रश्न पडला का, की ही नदी बरी आहे की आजारी? माणूस आजारी पडला की डॉक्टर ताप मोजतात. नदीचा ताप कसा मोजायचा? आज आपण अशा एका माणसाची ओळख करून घेऊ, ज्यांनी जवळपास दोनशे वर्षांपूर्वी केलेल्या नोंदी आज या कामी येतात.

विल्यम हेन्री साईक्स यांचा जन्म 1790 साली इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात झाला. 1803 साली, म्हणजे तुमच्यातल्या सातवी-आठवीच्या मुलांएवढं वय असताना, ते ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात भरती झाले. मुंबई इलाख्यात नोकरी करता करता त्यांनी हिंदुस्थानी आणि मराठी भाषा शिकून घेतल्या. 1817 साली खडकी आणि पुणे इथं पेशव्यांशी झालेल्या लढायांत ते इंग्रजांच्या बाजूने लढले. हे आपण विसरायचं नाही. ते आपलं राज्य घेणाऱ्यांपैकीच एक होते.

पेशवाई संपल्यावर कंपनी सरकारला नव्या मुलखाची माहिती हवी होती. 1824 साली मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनी साईक्स यांना दख्खनची आकडेवारी गोळा करायच्या कामावर नेमलं. किती गावं, किती माणसं, जमीन कसली, पीक काय, पाऊस किती, हे सगळं लिहायचं. हेतू राज्यकारभाराचा आणि महसुलाचा होता. पण साईक्स तेवढ्यावर थांबले नाहीत. पक्षी, प्राणी आणि नद्यांतले मासे यांचीही त्यांनी नोंद केली. भीमा, मुळा-मुठा अशा नद्यांतले मासे त्यांनी बारकाईने तपासले.

आता गंमत बघा. माशांना शास्त्रीय नावं देताना त्यांनी इथल्या लोकांच्या तोंडची नावंच घेतली. शिंगटी, मळ्या, कोळस, खुद्री ही आपली नावं 1839 सालापासून जगाच्या शास्त्रीय पुस्तकांत आहेत. जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत मळ्या माशाला आजही ‘गारा मुल्या’ असंच म्हणतात. ज्या लोकांनी ती नावं सांगितली, त्यांची स्वतःची नावं मात्र त्यात राहिली नाहीत.

1831 साली साईक्स मायदेशी परतले. पुढे ते कंपनीचे अध्यक्ष झाले, संसदेत निवडून गेले. लंडनची सांख्यिकी संस्था स्थापन करणाऱ्यांत ते होते. 1872 साली त्यांचं निधन झालं.

मग या जुन्या यादीचा नदीच्या तब्येतीशी काय संबंध?

पाण्याची बाटली भरून तपासली की त्या दिवसाची स्थिती कळते. आंघोळीयोग्य पाण्यात दर लिटरला किमान 5 मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू असावा, असा आपल्याकडे निकष आहे. पण सांडपाणी काल सोडलं आणि बाटली आज भरली, तर? मासे मात्र बारा महिने त्याच पाण्यात राहतात. मळ्या तोंडाखालच्या चकतीने वाहत्या पाण्यातल्या दगडाला चिकटून राहतो. दगड गाळाखाली गेले की त्याचं घरच गेलं. मरळ आणि मागूर वरची हवासुद्धा घेऊ शकतात, म्हणून घाण पाण्यातही तग धरतात. एखाद्या डोहात फक्त असेच मासे उरले असतील, तर नदी आजारी आहे असं समजा.

याच विचारावर 1981 साली अमेरिकेत जेम्स कार यांनी माशांवरून नदीला गुण देण्याची पद्धत मांडली. किती जाती आहेत, नाजूक किती, चिवट किती, रोगट किती, अशी ती गुणपत्रिका असते. पण गुण द्यायला आधी माहीत पाहिजे, की निरोगी नदीत काय असायला हवं होतं. इथं जुनी यादी लागते. पुण्याच्या अभ्यासकांनी आजचे मासे जुन्या नोंदींशी ताडून पाहिले, तेव्हा अनेक देशी जाती सापडेनाशा झालेल्या आणि बाहेरून आणलेल्या जाती वाढलेल्या दिसल्या. जुनी नोंद नसती, तर काय गेलं हेच कळलं नसतं.

आपला मराठवाडा त्या वेळी निजामाच्या राज्यात होता. साईक्स यांचं काम इंग्रजांच्या मुलखातलं. त्यामुळे नांदेड-लातूरच्या नद्यांची अशी यादी त्यांच्याकडून आपल्याला मिळालेली नाही. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हा सगळे टँकर आणि लिटर मोजत होते. मांजरेच्या आटलेल्या डोहांतून कोणते मासे गेले, हे किती जणांनी लिहून ठेवलं?

उपक्रम : गावातल्या भोई काकांना, आजोबांना विचारा. पूर्वी नदीत कोणते मासे मिळायचे? आज कोणते मिळतात? दोन रकाने करून वहीत लिहा. माशाचं नाव ते सांगतील तसंच लिहा, तारीख आणि ठिकाण घाला. आणि हो, सांगणाऱ्याचं नावही लिहा, त्यांना विचारून. साईक्स यांच्या यादीत जे राहून गेलं, ते तुमच्या वहीत राहू देऊ नका.