पुण्यतिथी विशेष : मूर्तिजापुरात जन्मलेले 'खाँसाहेब'

यवतमाळ : लग्नात पोरगी सासरी निघाली, की मांडवातला साउंडवाला हमखास एक गाणं लावतो. बाप लेकीला निरोप देतो आहे, त्याचा गळा भरून आला आहे, असं ते गाणं. 'अष्टविनायक' या १९७९ सालच्या सिनेमातलं. ते लागलं की नवरीचा बाप तर रडतोच, पण वाढणारे पोट्टेही हातातली बादली खाली ठेवून डोळे पुसतात. गाणं सगळ्यांना पाठ आहे. गाणारा कोण, हे विचारलं तर मात्र बहुतेकांना सांगता येत नाही.

तो आवाज पंडित वसंतराव देशपांडे यांचा. ३० जुलै ही त्यांची पुण्यतिथी. १९८३ साली याच तारखेला पुण्यात त्यांचं निधन झालं. जगले पुण्यात, नाव कमावलं मुंबई-पुण्यात, म्हणून आपण त्यांना तिकडचे समजतो. पण हा माणूस आपल्या शेजारचा. जन्म २ मे १९२०, गाव मूर्तिजापूर.

मूर्तिजापूर म्हटलं की आपल्याकडच्या जुन्या माणसांना आठवते शकुंतला. इंग्रजांच्या काळात कापूस वाहून न्यायला टाकलेली छोटी लाईन. यवतमाळहून सुटायची, दारव्हा, कारंजा करत मूर्तिजापूरला मोठ्या लाईनला लागायची. आता ती गाडी बंद आहे, रुळांत झुडपं वाढली. गंमत अशी की मराठी संगीत नाटकाची सुरुवातही शकुंतलेपासूनच झाली. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत शाकुंतल' ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात रंगमंचावर आलं, तिथून हा सगळा खेळ सुरू झाला. गाडीचा आणि नाटकाचा संबंध काही नाही म्हणा, पण मला तो आठवल्याशिवाय राहत नाही.

वसंतरावांना आईनं एकटीनं वाढवलं. राधाबाई त्यांचं नाव. लहानग्या वसंताला घेऊन त्या नागपूरला आल्या आणि तिथेच पोराचं शिक्षण झालं. शंभर वर्षांआधी एकट्या बाईनं परक्या शहरात लेकरू वाढवायचं म्हणजे काय, ते आपल्या गावातल्या एकट्या बायांना विचारा. सरकारी योजना नाही, बचत गट नाही. अशा घरात आईनं पोराच्या गळ्यातला सूर ओळखला आणि त्याला गाणं शिकायला घातलं. शंकरराव सप्रे यांच्या श्रीराम संगीत विद्यालयात. दोन वेळच्या जेवणाची चिंता असताना गाण्याच्या मास्तरांकडे पोरगा पाठवणारी ती माय मला या सगळ्या गोष्टीत फार मोठी वाटते.

त्या काळात नाटक म्हणजे गाणं. बालगंधर्व, केशवराव भोसले, मास्टर दीनानाथ मंगेशकर यांच्या नावावर लोक तुटून पडायचे. रात्री उशिरा सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालायचं, कारण एकेका पदाला वन्समोअर. बहुतेक लोक बालगंधर्वांचे वेडे होते. त्यांचं गाणं मऊ, गोड, लोण्यासारखं. वसंतरावांची आवड मात्र वेगळी. त्यांचं मन बसलं दीनानाथांवर. दीनानाथांचं गाणं तेजाचं, वेगाचं. वीज चमकावी तशी तान यायची आणि कुठे जाऊन पडेल याचा अंदाज लागायचा नाही. याच दीनानाथांनी बलवंत संगीत मंडळीत 'रणदुंदुभि' गाजवलं, आणि ते नाटक लिहिणारे वीर वामनराव जोशी आपल्या अमरावतीचे. म्हणजे संगीत नाटकाच्या या सगळ्या पसाऱ्यात वऱ्हाडाचा वाटा काही कमी नव्हता. आपणच तो विसरलो.

लहानपणी कानावर जे पडतं ते जन्मभर जात नाही. वसंतराव पुढे कितीतरी जणांकडे शिकले, पण दीनानाथांची ती झेप त्यांच्या गळ्यात कायम राहिली. जे सगळ्यांना आवडतं तेच आपल्यालाही आवडलं पाहिजे, असं त्यांनी कधी मानलं नाही. याची किंमत त्यांना पुढे मोजावी लागली.

तोंडाला रंगही लवकरच लागला. भालजी पेंढारकरांनी 'कालिया मर्दन' या १९३५ सालच्या बोलपटात त्यांना कृष्णाचं काम दिलं. नागपूरचा पोरगा, बापाचा आधार नाही, आणि एकदम पडद्यावर कृष्ण. आता तो सिनेमातच पुढे जाईल असं कोणालाही वाटलं असतं. तसं झालं नाही.

मग लाहोर. तेव्हा देश एक होता, लाहोर हे गाण्याचं मोठं शहर. तिथे असद अली खाँ यांच्याकडे ते शिकले, आणि शिकले काय, तर एकच राग, मारवा. दुसरा पोरगा असता तर कंटाळून परत आला असता. पण एकाच वावरात खोल नांगरट केली की पुढची पिकं कशी येतात, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. मारवा हा त्यांचा हातखंडा राग झाला आणि त्याच्या आधारानं बाकीचे रागही उलगडत गेले असं जाणकार सांगतात. पुढे किराणा घराण्याचे सुरेशबाबू माने, भेंडीबाजार घराण्याचे अमान अली खाँ, असे वेगवेगळे गुरू झाले. एका घराण्याचा शिक्का मात्र त्यांनी लावून घेतला नाही. तबलाही उत्तम वाजवायचे. ख्याल, ठुमरी, गझल, नाट्यगीत, सगळं गायचे.

एवढं सगळं असून पोटाला काय? इथे या माणसाच्या आयुष्यातला खरा पेच येतो. वसंतराव पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून झाले. वर्ष-दोन वर्षं नाही, दोन दशकांच्या वर त्यांनी ती नोकरी केली. दिवसभर रकाने भरायचे, रात्री गायचं, सकाळी पुन्हा ऑफिस. बदली झाली ती पार ईशान्येकडच्या सरहद्दीपर्यंत. बरोबरीचे गवये मैफली गाजवत होते, रेकॉर्डी निघत होत्या, आणि हा माणूस फायली तपासत होता. जाणकारांना ठाऊक होतं हा काय चीज आहे ते. पु. ल. देशपांडे यांच्यासारखा जिवलग मित्र होता, भीमसेन जोशींसारखा गवई दोस्त होता. पण लोकांपर्यंत नाव गेलं नव्हतं. काही जणांना त्यांचं गाणं शिस्तीत न बसणारं वाटायचं. घराणं कोणतं, हा प्रश्न पुन्हा पुन्हा यायचा.

नोकरी का सोडली नाही, असं आज कोणी विचारेल. शेती करून बातम्या लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला तो प्रश्न पडत नाही. महिन्याच्या एक तारखेला हातात येणारा पगार काय असतो, हे तो नसणाऱ्याला जास्त कळतं. आईनं काढलेले दिवस त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते, आणि आता स्वतःचं लेकराबाळांचं घर होतं.

चाळिशी उलटून गेल्यावर त्यांनी नोकरी सोडली आणि पूर्ण वेळ गाण्याला दिला. आपल्याकडे त्या वयात माणूस पोरांच्या लग्नाचं बघायला लागतो.

तोपर्यंत संगीत नाटकाचे दिवसही फिरले होते. १९३१-३२ पासून बोलपट आले आणि नाटक कंपन्या एकेक करून बसल्या. मोठमोठे नट कर्जात गेले. १९६० च्या सुमारास विद्याधर गोखल्यांच्या 'पंडितराज जगन्नाथ'नं पुन्हा धुगधुगी आणली, १९६४ ला वसंत कानेटकरांचं 'मत्स्यगंधा' आलं. आणि मग २४ डिसेंबर १९६७ ला 'कट्यार काळजात घुसली'.

हे नाटक लिहिलं पुरुषोत्तम दारव्हेकर यांनी. नागपूरचे. लोक त्यांना मास्तरच म्हणायचे, कारण ते खरोखरच शाळेत मास्तर होते आणि पोरांसाठी नाटकं लिहून बसवायचे. रंजन कला मंदिर ही त्यांची नागपूरची संस्था. संगीत गोव्याचे जितेंद्र अभिषेकी यांचं, संस्था प्रभाकर पणशीकरांची नाट्यसंपदा. गोष्ट अशी : विश्रामपूर नावाचं संस्थान, तिथल्या दरबारातल्या राजगायकाला मानाची कट्यार मिळते. पंडित भानुशंकर राजगायक आहेत. खाँसाहेब आफताब हुसेन बरेलीवाले वर्षानुवर्षं त्यांच्यापुढे हरत आले आहेत. शेवटी खाँसाहेबांना पद मिळतं, पण कपटानं. आणि पंडितजींचा शिष्य सदाशिव त्याच खाँसाहेबांच्या घरी लपूनछपून गाणं शिकायला येतो.

खाँसाहेबांचं काम वसंतरावांकडे आलं. भानुशंकर झाले भार्गवराम आचरेकर, सदाशिव प्रसाद सावकार, झरीना फैयाज, आणि कविराज स्वतः पणशीकर. आता हे बघा. गळ्यात सगळं असून दरबारात मान मिळत नाही, डोळ्यांदेखत दुसऱ्याचा सत्कार होतो, या जळफळाटाचं काम कोणाला दिलं? ज्यानं दोन दशकं फायलींत काढली त्याला. खाँसाहेब खलनायक आहेत की नाहीत, हा वाद आजही होतो. मला विचाराल तर तो कलेपायी आंधळा झालेला माणूस आहे, आणि वसंतरावांनी तो तसाच उभा केला. जोरात बोलायचे, पण गायला लागले की राग कुठल्या कुठे जायचा. अभिषेकींनी चाली बांधताना गाणाऱ्याला हातपाय पसरायला जागा ठेवली होती. दीनानाथांची झेप, लाहोरचा मारवा, ठुमरीतला लाडिकपणा, सगळं एका भूमिकेत ओतता आलं. सत्तेचाळीसाव्या वर्षी वसंतराव घराघरांत पोचले. शेकडो प्रयोग झाले, आणि त्यांची रेकॉर्ड, कॅसेट खेड्यापाड्यांत आली.

ती कॅसेट आमच्या गावातही आली होती. नव्वदच्या दशकात आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात सरांनी 'कट्यार'मधला एक प्रवेश बसवला होता. दंडार आणि पोवाडे पाहून वाढलेली आम्ही पोरं, आम्हाला हे नवीनच. पुठ्ठ्याची कट्यार, त्यावर सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद. मी दरबारातला चोपदार होतो, काम एवढंच की काठी आपटून उभं राहायचं. माझा एक वर्गमित्र खाँसाहेब, कापसाची दाढी लावलेली. गाणं टेपवर वाजणार आणि त्यानं नुसतं तोंड हलवायचं, असं ठरलं होतं. ऐन गाण्यात लाईन गेली. टेप बंद. अख्खं गाव समोर बसलेलं. सर विंगेतून हातवारे करत होते, पडदा पाडा म्हणून. पण गडी थांबला नाही. जिथे टेप अडकला तिथून त्यानं स्वतः गायला सुरुवात केली, अंधारात, चुकत-माकत. तालाचा पत्ता नव्हता, तान तर नव्हतीच. तरी लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी काठी आपटायचंही विसरलो होतो. त्याला ते अख्खं गाणं पाठ होतं हे आम्हाला त्या रात्रीच कळलं.

कॅसेटवरचा माणूस मूर्तिजापूरचा आहे हे मला कळायला मात्र आणखी पंधरा वर्षं लागली. आपल्या शाळेत शिवाजी महाराजांचे पराक्रम शिकवतात, गाडगेबाबा, तुकडोजी महाराज शिकवतात, ते योग्यच आहे. पण शेजारच्या तालुक्यांत जन्मलेला गवई कोणी सांगत नाही.

शेवटची वर्षं त्यांना मान मिळाला. १९८२ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार जाहीर झाला. पण उशीरच म्हणायचा, कारण त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत. गेले तेव्हा वय त्रेसष्ट.

नातू राहुल देशपांडे यांनी पुढे 'कट्यार' पुन्हा रंगमंचावर आणलं. २०१५ ला सुबोध भावे यांनी त्यावर सिनेमा काढला, त्यात खाँसाहेबांचं काम सचिन पिळगावकरांनी केलं आणि त्यांच्यासाठी गळा राहुल यांचा होता. आपल्याकडच्या पोरांना 'कट्यार' माहीत झालं ते या सिनेमामुळे. आता शाळांच्या गॅदरिंगमध्ये मोबाईल लावून त्यातली गाणी होतात. २०२२ ला 'मी वसंतराव' हा त्यांच्या आयुष्यावरचा सिनेमाही आला, त्यात आजोबांचं काम नातवानंच केलं. मोबाईलवर शोधून जरूर पाहा. आईचं काम पाहण्यासारखं आहे.

नागपूरला सिव्हिल लाईन्समध्ये डॉ. वसंतराव देशपांडे सभागृह आहे. कामाधामानं नागपूरला जाणाऱ्या आपल्या माणसांनी त्याची पाटी बाहेरून पाहिली असेल. त्यांच्या नावानं तिथे दरवर्षी पावसाळ्यात संगीत समारोह होतो. मागे एकदा जायचं ठरवलं होतं, त्या वर्गमित्राला सोबत घेऊन. तो आता गावात मंडप-डेकोरेशनचं काम करतो आणि एकादशीला भजनात पेटी धरतो. नेमकी त्या आठवड्यात पावसानं उघडीप दिली, डवरणी अंगावर आली आणि जाणं राहिलं. यंदा त्यानंच फोन केला आहे, एसटीचा टाइम काढून ठेव म्हणून.