ऐकणारा माणूस : स्टड्स टर्केल

रेडिओवर छान बोलणारे पुष्कळ असतात. समोरच्याला बोलते करून त्याचे म्हणणे मनापासून ऐकणारे विरळाच. अमेरिकेतील शिकागो शहरात असे एक गृहस्थ तब्बल पंचेचाळीस वर्षे रेडिओवर होते. त्यांचे नाव स्टड्स टर्केल.

त्यांचा जन्म १६ मे १९१२ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. मूळ नाव लुई. वडील शिंपीकाम करीत. लुई लहान असतानाच हे कुटुंब शिकागोला आले आणि आईवडिलांनी आधी भाड्याच्या खोल्या, पुढे एक छोटे हॉटेल चालवायला घेतले. तिथे उतरणारे कामगार, बेकार, कामगार संघटनांचे कार्यकर्ते रात्री खालच्या दालनात बसून वाद घालत, प्रसंगी हमरीतुमरीवर येत. हा मुलगा कान टवकारून सगळे ऐके. त्यांची खरी शाळा तीच.

१९३४ साली त्यांनी शिकागो विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली, पण वकिली केली नाही. ते नाटकात रमले. त्या काळी गाजलेल्या एका कादंबरीच्या नायकावरून ‘स्टड्स’ हे टोपणनाव त्यांना चिकटले. रेडिओच्या मालिकांत त्यांना गुंडाच्या भूमिका मिळत. गुंड बहुधा मारला जाई, म्हणजे नोकरीही तिथेच संपे!

१९४९ साली दूरचित्रवाणीवर त्यांचा कार्यक्रम सुरू झाला आणि लोकप्रियही झाला. पण तेव्हा अमेरिकेत कम्युनिस्टांची भलतीच धास्ती होती. वंशभेदाविरुद्धच्या अर्जांवर टर्केल यांच्या सह्या होत्या. आपल्याला फसवून सह्या घेतल्या, एवढे म्हटले असते तरी भागले असते. त्यांनी तसे म्हणायला नकार दिला. कार्यक्रम बंद पडला आणि पुढे कामे मिळेनाशी झाली. १९५४ साली प्रसिद्ध कृष्णवर्णीय गायिका महेलिया जॅक्सन यांच्या रेडिओ कार्यक्रमात ते सूत्रसंचालक होते. कंपनीने त्यांच्याकडे राजनिष्ठेचे प्रतिज्ञापत्र मागितले. ते सही करीनात. तेव्हा जॅक्सनबाईंनी ठणकावले की हा माणूस नसेल तर मीही गाणार नाही. कंपनीने मुकाट्याने माघार घेतली.

त्याआधी १९५२ मध्ये त्यांनी शिकागोच्या डब्ल्यूएफएमटी या छोट्या केंद्रावर काम मागून घेतले होते. तिथे ते १९९७ पर्यंत राहिले. लेखक मुलाखतीला आला की त्याचे पुस्तक टर्केल यांच्या हातात असे, पानोपानी खुणा केलेले. मोटार चालवायला ते कधी शिकले नाहीत. ध्वनिमुद्रणाचे यंत्र खांद्याला अडकवून बसने हिंडत. यंत्राशी मात्र त्यांचे फारसे जमत नसे. नामवंत नर्तिका मार्था ग्रॅहम यांची आख्खी मुलाखत त्यांच्या हातून पुसली गेली! पण या वेंधळेपणाचा फायदाही झाला. यंत्राशी झटापट करणारा हा गृहस्थ पाहून साध्या माणसांची भीती पळे. कधी तीच त्याला मदत करीत.

एकदा गरिबांच्या वसाहतीत त्यांनी एका आईला बोलते केले. भोवती मुलांचा गलका. मुलांनी हट्ट धरला म्हणून टेप पुन्हा लावली. त्या बाईने स्वतःचा आवाज प्रथमच ऐकला आणि ती थक्क झाली. आपल्या मनात हे सारे होते, हे तिलाच ठाऊक नव्हते.

निरनिराळ्या आवाजांची गुंफण करून केलेल्या ‘बॉर्न टू लिव्ह’ या श्रुतिकेला १९६२ साली ‘प्री इटालिया’ हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तिच्यात हिरोशिमाच्या बॉम्बमधून वाचलेल्या स्त्रीचा आवाज आहे. पुढच्याच वर्षी वॉशिंग्टनच्या मोर्चाला निघालेल्या लोकांबरोबर ते आगगाडीत बसले आणि प्रवासभर त्यांचे बोलणे टिपत राहिले.

अशाच संभाषणांतून त्यांची पुस्तके झाली. १९७० च्या ‘हार्ड टाइम्स’मध्ये मंदीचे दिवस सोसलेली माणसे बोलतात, तर १९७४ च्या ‘वर्किंग’मध्ये हॉटेलात वाढणारी बाई, पोलाद कारखान्यातला कामगार, थडगी खणणारा असे कितीतरी जण आपापल्या कामाविषयी सांगतात. दुसऱ्या महायुद्धावरील पुस्तकाला १९८५ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले. मला विचाराल तर ‘वर्किंग’ आधी वाचावे.

३१ ऑक्टोबर २००८ रोजी वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी शिकागोतच त्यांचे निधन झाले. पाच हजारांहून अधिक कार्यक्रमांच्या टेप शिकागोच्या इतिहास संग्रहालयात जपल्या गेल्या. २०१८ पासून त्यांतले पुष्कळसे कार्यक्रम इंटरनेटवर कोणालाही ऐकता येऊ लागले. मार्था ग्रॅहम यांची ती पुसलेली मुलाखत अर्थातच त्यांत नाही.