शिशाचे शिपाई

दिवाळी जवळ आली, की आमच्या वाड्यात किल्ला व्हायचा. विटा-दगडांवर पोती टाकायची, त्यांवर चिखलाचा लेप द्यायचा आणि हळीव पेरायचे. मग बाजारातून मातीचे मावळे यायचे, सिंहासनावरचे महाराज यायचे. पायथ्याच्या गावात गवळण, भाजीवाली आणि वाणीही असायचे. बँकेतून निवृत्त झाल्यावर माळा आवरताना ते सगळे लष्कर एका बुटाच्या खोक्यात भुशात झोपलेले सापडले. भाला हरवलेला एक मावळा पुसून मी टेबलावर ठेवला, तेवढ्यात नातू आला. आजोबा, तुम्ही खेळताय? या त्याच्या प्रश्नाने मी उगाचच ओशाळलो. साठी उलटलेल्या माणसाने खेळण्यांत रमावे का? तेव्हा मला एच. जी. वेल्स आठवले.

‘द टाइम मशीन’ आणि ‘द इन्व्हिजिबल मॅन’ लिहिणारे वेल्स आपल्याला ठाऊक आहेत. गुडघे टेकून गालिच्यावर शिशाच्या शिपायांची लढाई खेळणारे वेल्स मात्र फारसे ठाऊक नाहीत.

हर्बर्ट जॉर्ज वेल्स यांचा जन्म २१ सप्टेंबर १८६६ रोजी इंग्लंडमध्ये केंट परगण्यातील ब्रॉम्ली गावी झाला. वडील जोसेफ यांचे चिनी मातीच्या भांड्यांचे आणि क्रिकेटच्या सामानाचे दुकान होते. ते कधी नीट चालले नाही. क्रिकेटपटू म्हणून मात्र त्यांनी नाव मिळवले होते. १८६२ साली केंटकडून खेळताना ससेक्सचे चार फलंदाज त्यांनी लागोपाठच्या चार चेंडूंत बाद केले होते. १८७७ साली त्यांची मांडी मोडली, खेळ संपला आणि घराचे दिवस फिरले. आई सारा १८८० मध्ये अपपार्क या बड्या हवेलीत घरव्यवस्थापक म्हणून नोकरीला गेली. बर्टीला कापडदुकानात उमेदवारीला लावले. दिवसाचे तेरा-तेरा तास उभे राहून कापडाचे तागे उचलायचे. पुढे शिष्यवृत्ती मिळवून लंडनला टी. एच. हक्स्ली यांच्या हाताखाली जीवशास्त्र शिकायला गेला, तेव्हा कुठे त्याची सुटका झाली.

बर्टीच्या बालपणात युद्ध होते, पण ते मनातले. ब्रॉम्लीच्या माळावर एकटा हिंडताना तो स्वतःला क्रॉम्वेल किंवा नेपोलियन समजे. झुडपांना शत्रू ठरवून अदृश्य फौजा पुढे सरकवी आणि विजयी होऊन घरी चहाला येई. तेराव्या वर्षापर्यंत हा खेळ चालला, असे त्यांनी आत्मचरित्रात नोंदवले आहे.

पुढे यश आले, पैसा आला. केंटच्याच किनाऱ्यावर सँडगेट येथे त्यांनी घर बांधले. १९०१ मध्ये थोरला मुलगा जिप जन्मला, १९०३ मध्ये धाकटा फ्रँक. त्याच वर्षी त्यांनी ‘द मॅजिक शॉप’ ही गोष्ट लिहिली. तीत बाप आणि जिप नावाचा मुलगा जादूच्या दुकानात जातात आणि खोक्यांतून शिशाचे शिपाई घरी आणतात. एक शब्द उच्चारला की ते जिवंत होतात, असे मुलगा पुढे सहज सांगतो आणि बाप चपापतो.

घरातले शिपाई साधेच होते. विल्यम ब्रिटनच्या कारखान्याने १८९३ पासून आतून पोकळ शिपाई ओतायला सुरुवात केली होती. शिसे कमी लागे, म्हणून ते स्वस्त पडत. जोडीला स्प्रिंगची छोटी तोफ मिळे आणि तिच्यातून इंचभर लांबीची लाकडी गोळी उडे. एके दिवशी जेवणानंतर विनोदी लेखक जेरोम के. जेरोम या तोफेने शिपाई पाडू लागले आणि त्यातून खेळ सुरू झाला. ज्ञानकोशाचे जाडजूड खंड रचून भूप्रदेश उभा राहिला. पायदळाने एका खेपेस एक फूट चालायचे, घोडदळाने दोन फूट. तोफ डागायला जवळ चार गोलंदाज जिवंत हवेत. आमच्या कॅशियरनेही मान डोलवावी असा चोख हिशेब होता.

यातून दोन पुस्तके झाली. १९११ च्या ‘फ्लोअर गेम्स’मध्ये बेटे, शहरे आणि पूल रचण्याचे खेळ आहेत. दुकानात शिपाई ढिगाने मिळतात, पण साधी नागरी माणसे मिळत नाहीत, अशी तक्रारही त्यात आहे. हे वाचताना मला आमची गवळण आणि वाणी आठवले. त्या बाबतीत आपले कुंभार इंग्रज कारखानदारांच्या पुढे होते म्हणायचे!

१९१३ च्या ‘लिटल वॉर्स’मध्ये लढाईचे नियम आहेत. शेवटी ते गंभीर होतात. युद्धाची एवढीच हौस असेल तर ती गालिच्यावर भागवा, इथे कोणाचे घर जळत नाही, असे त्यांचे सांगणे. आपल्याशी खेळायला आलेले लष्करी अधिकारी साध्या नियमांतही गोंधळतात. मग खऱ्या युद्धात काय होईल, हा त्यांचा सवाल होता.

उत्तर वर्षभरात आले. ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध पेटले आणि याच वेल्सनी त्याचा हिरिरीने पुरस्कार केला. हे युद्ध सगळ्या युद्धांचा शेवट करील, असे सांगणारे लेख लिहिले. त्यांचे स्वतःचे मुलगे तेरा आणि दहा वर्षांचे होते. वयाने त्यांना वाचवले. दुसऱ्यांचे मुलगे गेले. १ जुलै १९१६ या एका दिवसात सोमच्या रणात १९ हजारांहून अधिक ब्रिटिश सैनिक मेले. मेसोपोटेमियात कूतच्या वेढ्यात आपल्या मराठा पलटणीही अडकल्या होत्या. त्याच वर्षी वेल्स यांची ‘मिस्टर ब्रिटलिंग सीज इट थ्रू’ ही कादंबरी आली. तिच्यातल्या बापाचा मुलगा युद्धात मरतो. पडलेला शिपाई पुन्हा उभा करता येत नाही, हे गालिच्यावरच्या सेनापतीला असे उशिरा उमगले.

१९३४ च्या आत्मचरित्रात त्यांनी हिशेब पुरा केला. हिटलर म्हणजे आपल्याच तेराव्या वर्षीचे दिवास्वप्न प्रत्यक्षात आलेले आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. स्वतःवर इतका कठोर शेरा मारायला धैर्य लागते. दुसरे महायुद्धही पाहून १३ ऑगस्ट १९४६ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

पण जमेच्या बाजूला एक नोंद राहते. मार्गारेट लोवेनफेल्ड ही तरुण डॉक्टर महायुद्धानंतरच्या पोलंडमधील हाल पाहून आली होती. १९२८ मध्ये तिने लंडनला मनाने दुखावलेल्या मुलांसाठी चिकित्सालय उघडले. मुलांना जे बोलता येत नाही ते बाहेर कसे काढावे, या विचारात असताना तिला ‘फ्लोअर गेम्स’ आठवले. तिने चिमुकली माणसे, घरे, जनावरे गोळा केली आणि वाळूचा ट्रे ठेवला. मुले त्यात आपापले जग मांडू लागली. ती पद्धत पुढे जगभर गेली.

म्हणजे खेळणे निर्दोष असते असे नाही आणि घातकही असते असे नाही. ते मोठ्या माणसाने पुन्हा हातात घ्यावे, मात्र आपण काय मांडतो आहोत ते पाहावे. वेल्सनी एकदा ते पाहिले नाही, आणि नंतर कबूलही केले.

नातवाला मी सांगितले, हो, खेळतोय. मग आम्ही दोघांनी सतरंजीवर सैन्य मांडले. त्याने भाला नसलेल्या मावळ्याला उचलले, थोडा विचार केला आणि भाजीवालीशेजारी नेऊन उभे केले. म्हणाला, हा आता सुट्टीवर घरी आलाय.