शिल्पकार कै. नानासाहेब करमरकर

भगिनींनो, आपल्या मूर्तिजापुरास समुद्र कुठला! लेकीकडे अलिबागेस गेले तेव्हा तो पाहिला, आणि जवळच सासवण्यास करमरकरांचे घरही.

१८९१ साली ते याच गावी जन्मले. देवळाच्या भिंतीवर त्यांनी शिवाजीमहाराजांचे चित्र काढले. ते कलेक्टर रॉथफील्डसाहेबांच्या नजरेस पडले आणि पोरगा मुंबईस जे. जे. स्कूलमध्ये गेला. पुढे पुण्यातला महाराजांचा साडेतेरा फुटी अश्वारूढ पुतळा त्यांनीच घडविला. १९२८ साली त्याचे अनावरण झाले. आगबोटींचे काम चाले त्या माझगाव गोदीत तो ब्राँझमध्ये एकसंध ओतविला. तुकडे नाहीत, जोड नाहीत. कुठे चुकते तर सारी मेहनत भट्टीत! आपला पाक बिघडला तरी आपण दिवसभर हळहळतो.

माझा पाय मात्र मत्स्यगंधेपाशी अडला. कोळ्याची पोर, तीही सिमेंटची. आपण ओट्याला लावतो तेच. राजास ब्राँझ आणि कोळणीस सिमेंट, असे क्षणभर खुपले. पण तिला पाहता पाहता ते विसरले. मेहनत दोघांवर सारखीच दिसली.

१९६७ साली नानासाहेब गेले. त्या घराचे संग्रहालय झाले, ते त्यांच्या सुनेने जपले. दाराशी लेक हाका मारीत होती, मी आपली पुन्हा कोळणीकडे वळले.