रायफल सैनिकांची, वारसा वादाचा

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी पायदळाच्या हाती असलेल्या ‘एम-१’ रायफलीला सैनिक तिच्या निर्मात्याच्या नावानेच ओळखत. जॉन गॅरंड हे ते नाव.

गॅरंड यांचा जन्म १ जानेवारी १८८८ रोजी कॅनडाच्या क्विबेक प्रांतातील एका शेतकरी कुटुंबात झाला. पुढे हे मोठे कुटुंब अमेरिकेत आले आणि लहानगा जॉन कापडगिरणीत झाडलोटीच्या कामाला लागला. तेथील यंत्रांनीच त्यांना कारागीर बनवले. १९१९ मध्ये ते मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथील सरकारी शस्त्रागारात रुजू झाले.

अनेक वर्षांच्या परिश्रमांनंतर त्यांची अर्धस्वयंचलित रायफल १९३६ मध्ये लष्कराने स्वीकारली. जर्मन वा जपानी सैनिकाला बहुधा प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट ओढावा लागे. गॅरंड यांच्या रायफलीत सुटलेल्या गोळीमागचा वायूच ते काम करी. आठवी गोळी सुटली की रिकामी क्लिप ‘टण्’ असा आवाज करीत बाहेर उडे. त्या आवाजाने शत्रू सावध होई, असे काही माजी सैनिक सांगत. रणधुमाळीत तो कुणाला ऐकू जाणार, असे इतर म्हणत. बोल्टमध्ये चेंगरलेला अंगठा मात्र पुष्कळांच्या स्मरणात राहिला.

अशा सुमारे ५४ लाख रायफली तयार झाल्या. गॅरंड यांनी आपले पेटंट हक्क सरकारला दिले होते. मानधन म्हणून एक पैसाही घेतला नाही. त्यांना एक लाख डॉलर देण्याचा प्रस्ताव संसदेत मंजूर होऊ शकला नाही. १९५३ मध्ये ते निवृत्त झाले आणि १६ फेब्रुवारी १९७४ रोजी स्प्रिंगफील्ड येथेच निवर्तले.

युद्धानंतर सरकारी नेमबाजी योजनेतून या रायफली नागरिकांच्या घरी पोहोचल्या; १९९६ पासून हे काम एका ना-नफा संस्थेकडे आहे. मित्रदेशांना दिलेली अमेरिकी लष्करी शस्त्रे खासगी विक्रीसाठी परत आणण्यावर ओबामा प्रशासनाने २०१३ मध्ये निर्बंध घातले, तेव्हा या रायफलीवरून वाद पेटला. कुणाला ती वडिलांची आठवण व नागरिकाचा हक्क वाटली, कुणाला केवळ एक युद्धशस्त्र. निर्मात्याने मात्र तिच्यावर कधीच हक्क सांगितला नव्हता.