कामठीची पलटण

पलटणीत नाव लागणे म्हणजे गावकीतून सुटका. पहिल्या महायुद्धात १९१७ साली महारांची पलटण उभारली आणि युद्ध सरताच १९२१ साली मोडली. गरज सरो, वैद्य मरो! त्याच युद्धात लंडनहून परतणाऱ्या बाबासाहेबांची पुस्तके जहाजासकट बुडाली. सुभेदार रामजींचा हा पुत्र काहीच विसरला नाही. जुलै १९४१ मध्ये राष्ट्रीय संरक्षण परिषदेवर येताच त्यांनी पलटणीचा आग्रह धरला. ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंट सुरू झाली, १९४२ साली दुसरी पलटण कामठीत. अमरावती-अकोल्याच्या पोरांना बेळगाव कुठे आणि कामठी कुठे! मजूरमंत्री झाल्यावर त्यांनी कारखान्यांतले आठवड्याचे ५४ तास ४८ वर आणणारा १९४६ चा कायदा पुढे रेटला. अकोला-बडनेऱ्याचे गिरणी कामगारही त्यात आले. हुकमाने मिळालेले हुकमानेच जाते, हे आम्ही वकील मंडळी जाणतो. महार रेजिमेंट मात्र १९४५ नंतर मोडली गेली नाही.